जोडतास

९ जानेवारी

प्रिय इंग्लिश,

तुझ्या लेकीचं पत्र आलं. पाकिटावर तुझं आडनाव बघून मी ते उघडलंच नाही, फ्रिजवर ठेवून दिलं. आमचे हे येता-जाता त्याच्याकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. ते गप्प बसले म्हणजे प्रकरण केवढं होतं ते तुला कळेल. शेवटी भाजी निवडता निवडता उघडलं. वाचून झालं तेव्हा भाजी तशीच पडली होती आणि मी खुर्चीत.

पावसाळ्याच्या शेवटी तुझ्या मेंदूत गुठळी अडकली, हातपाय आता बरे चालतात, पण शब्द गेले, असं ती लिहिते. आईला सगळं समजतं, पण बोलायला जावं तर शब्द सापडत नाही, नाहीतर भलताच येतो. पाण्याचा पेला हवा असतो आणि तोंडातून निघते खिडकी. मग तू चिडतेस. भेटायला कुणी आलं की भिंतीकडे तोंड करतेस. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई येतात, त्या म्हणाल्या की जुन्या ओळखीच्यांनी पत्रं लिहिली तर बरं होईल. पत्र दोनदा वाचता येतं, आणि ऐकणाऱ्यावर लगेच उत्तर द्यायचं ओझं नसतं. म्हणून लेकीनं आपल्या जुन्या शाळेत फोन करून माझा पत्ता काढला.

तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी माफी मागायला लिहीत नाही, आणि तू मागावीस म्हणूनही लिहीत नाही. तो विषय आज काढणार नाही. तुला बरं नाही म्हणून माझा राग निवळला असंही समजू नकोस. तो आहे तिथे आहे. चांगला सांभाळून ठेवलाय इतकी वर्षं.

पोरी, तू हे आईला मोठ्याने वाचून दाखवणार ना? मग सावकाश वाच. घाईत वाचलेलं तिला खपत नाही. वर्गात एका मुलाला तिनं एकच परिच्छेद इतक्या वेळा वाचायला लावला होता की शेवटी तो उभ्या उभ्या पेंगायला लागला.

माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. घरात शिकवायला कुणी उरलं नाही, म्हणून यांना शिकवते. कुकरची शिट्टी का होते ते त्यांना आता पाठ आहे.

तुझी,
सायन्स


१७ जानेवारी

प्रिय इंग्लिश,

लेकीचं उत्तर मिळालं. पत्र ऐकताना तू डोळे मिटून बसली होतीस आणि संपल्यावर बोटानं खूण करून पुन्हा वाचायला लावलंस म्हणे. तिनं विचारलंय, ‘मावशी, तुम्ही दोघी एकमेकींना इंग्लिश-सायन्स का म्हणता?’ म्हणजे तू तिला काहीच सांगितलेलं नाहीस! बरं. मग ऐक, पोरी.

त्या वर्षी शाळेनं ठरवलं, सहावीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं. वर्गात चाळीसेक मुलं. कुणाचे आईवडील कापडाच्या कारखान्यात, कुणाचे बांधकामावर, काही जण नुकतेच दुसऱ्या मुलखातून आलेले. घरात बोलायच्या भाषाच पाच-सहा. इंग्रजी सगळ्यांनाच परकी, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी पुस्तकातलं वाक्य वाचायची, मुलं माझ्यामागून म्हणायची, आणि कुणालाच काही न कळता आम्ही सगळे मिळून पुढच्या पानावर जायचो. वर्ग इतका शांत असायचा की हेडमास्तर बाहेरून जाताना खूश व्हायचे.

तुझी आई शेजारच्या वर्गात इंग्रजी शिकवायची. मधली भिंत पातळ. एकदा मधल्या सुट्टीत मला म्हणाली, “तुझ्या वर्गात कुणी गेलं-बिलं का गं? आवाजच येत नाही.” मी तिच्याशी पुढचा आठवडा बोलले नाही. नुकतीच ओळख झालेली, आणि ही असं बोलते!

मग माझा घसा बसला. बसला कसला, झोपलाच. डॉक्टरांनी सांगितलं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. रजा उरली नव्हती. हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही नुसतं करून दाखवा, बोलायला इंग्लिशबाई उभ्या राहतील.”

“मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही,” तुझी आई म्हणाली.

“मुलांना तरी कुठे कळतंय,” हेडमास्तर म्हणाले.

इंग्लिश, तुला आठवतो ना तो तास? मी बशीत मेणबत्ती लावली, वर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत बारीक झाली, निळी झाली, विझली. तू मुलांना विचारलंस, “व्हाय?” चाळीस तोंडं बंद. तू म्हणालीस, “आय डोन्ट नो. टेल मी.” मुलं तुझ्याकडे अशी बघत राहिली की ही नक्की काहीतरी युक्ती आहे, बाईंना सगळंच माहीत असतं. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस आणि आपल्या भाषेत विचारलंस, “खरंच, का विझली गं?” मी गळ्याला हात लावून मान हलवली.

तिथे सगळं फिरलं. मुलांना पटलं की या बाईंना खरोखरच माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना बोलता येत नाही. म्हणजे सांगायचं कुणी? तर आपणच.

शंकासुर उठला. पुढे सारखे प्रश्न विचारायला लागला म्हणून आपण त्याला हे नाव ठेवलं. “एअर फिनिश, बाई.”

“ऑल?”

“ऑल.”

“मग आता पेल्यात काय आहे?” हेही तू इंग्रजीतच विचारलंस, आणि अगदी मनापासून.

शंकासुर बसला. मागच्या बाकावरून ती उंच काडी मुलगी, जिला सगळे पेन्सिल म्हणायचे, ती बोलली. “नॉट ऑल. सम. सम एअर फिनिश. सम एअर नो फिनिश.”

हवा हे अनेक वायूंचं मिश्रण आहे, हे वाक्य मी त्यांच्याकडून आठवडाभर इंग्रजीतून घोकून घेतलं होतं. त्याचा अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितला, आणि मी तोंड उघडं टाकून उभी. टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

घंटा झाली तरी कुणी उठेना. मोठी बरणी आणा म्हणे, तिच्यात जास्त वेळ जळते का बघू. इतका गोंधळ की हेडमास्तर धावत आले. “काय चाललंय इथे?”

तू वळून म्हणालीस, “विज्ञान.”

पुढे घसा सुटला, पण आपण तो तास सोडला नाही. वेळापत्रकात त्याला नाव नव्हतं. शिपाईमामा त्याला जोडतास म्हणायला लागले, आणि मुलांनी आपल्या दोघींना विषयांचीच नावं दिली. तीच चिकटली.

तुझी,
सायन्स


३० जानेवारी

प्रिय इंग्लिश,

लेक लिहिते की ‘विज्ञान’पाशी तू हसलीस. आवाज काढून, आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मी ते वाक्य यांना दोनदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, “मग अजून हसव की. तुला काय कमी आहे!”

तर कंडक्टरची गोष्ट. पोरी, तोवर आमची पद्धत पक्की झाली होती. आधी प्रयोग, कुणी काही न बोलता. मग दोघा-तिघांत चर्चा, हव्या त्या भाषेत. मग इंग्रजी. तुझ्या आईनं बुटांच्या खोक्यांच्या पट्ट्या कापून त्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजी वाक्यांची सुरुवात लिहिली होती. ‘मला वाटतं की’, ‘मी पाहिलं की’, आणि एका लांब पट्टीवर नुसतंच ‘बिकॉज’. जो बोलेल त्याच्यासमोर ती पट्टी धरायची. काही मुलं ती पट्टी दिसली की बाकाखाली शिरायची.

विजेचा धडा झाला, चाचणी घेतली. एका पठ्ठ्यानं लिहिलं, ‘कॉपर इज गुड कंडक्टर. ही गिव्ह टिकेट टु ऑल करंट. प्लास्टिक इज बॅड कंडक्टर. ही स्लीप.’ आपण स्टाफरूममध्ये इतक्या हसलो की गणिताचे सर कप उचलून बाहेर जाऊन बसले. हसून झाल्यावर तू डोळे पुसत म्हणालीस, “त्याचं काय चुकलं गं? बसमधला कंडक्टर त्याला माहीत आहे. तुझ्या तारेतला त्याला भेटवलाच नाही कुणी.” मग आपण असे शब्द शोधत बसलो. सेल तर तीन निघाले. एक बॅटरीतला, एक शरीरातला, आणि एक कपड्यांच्या दुकानात लागणारा. त्या तिघांची चित्रं तू भिंतीवर लावलीस.

आणि घुमी. तिच्याबद्दल लिहायचं की नाही, मी विचार करत होते. ती वर्षाच्या मधेच आली होती. तिची भाषा शाळेत कुणालाच येत नव्हती. प्रयोग इतका नेटका करायची की मी तिची मांडणी इतरांना दाखवायची, पण बोलणं नाही. हजेरीलाही नुसता हात वर. काही शिक्षकांनी तिला मंद ठरवून टाकलं होतं. वर्षअखेरीला तिला खालच्या वर्गात बसवायचं असं हेडमास्तरांनी जवळजवळ नक्की केलं होतं. तू त्यांच्याकडून तिमाहीची मुदत मागून घेतलीस. मी तेव्हा म्हणाले होते, कशाला नादी लागतेस, होणार नाही.

मग एके दिवशी तू टेबलावर बॅटरी, दिवा, तारा मांडल्यास आणि मधे रबरी चप्पल ठेवलीस. म्हणालीस, आता दिवा लागणार. अगदी ठामपणे. एव्हाना तुला सगळं येत होतं, पण सोंग छान वठवायचीस. आणि घुमी उभी राहिली.

“नो.”

वर्गानं माना वळवल्या. तू पट्टी उचललीस, ‘बिकॉज’. तिच्यासमोर धरलीस. चार जणांचे हात वर, शंकासुर तर बाकावर चढलेला. तू दुसऱ्या हातानं सगळ्यांना थांबवलंस. वाट बघितलीस. मला ती शांतता सहन होईना, मी सांगायला तोंड उघडलं, तर तू माझ्या पायावर पाय दिलास. अजून आठवतो तो पाय.

“बिकॉज,” घुमी म्हणाली. तिनं दोन्ही हातांच्या मुठी घट्ट आवळून दाखवल्या. “रबर शट.”

रबर शट. बंद आहे. आत जायला वाट नाही. त्यानंतर मी ती गोष्ट दर वर्षी त्याच दोन शब्दांत शिकवली.

तू पाठ करून फळा पुसायला लागलीस. फळा कोरा होता.

लेकीला म्हणावं, आईला पाणी दे. मीही पिते.

तुझी,
सायन्स


११ फेब्रुवारी

इंग्लिश,

तुझी लेक धीट आहे. तिनं सरळ विचारलंय, ‘मावशी, मग तुमचं बोलणं का बंद झालं? आईला विचारलं तर तिनं उशीत तोंड खुपसलं.’

लिहिणार नव्हते. पण तिनं विचारलंय, आणि तुला सांगता येत नाही, तर मी सांगते. माझ्या बाजूनंच सांगणार. तुझी बाजू तू बोलायला लागलीस की सांग.

सहा वर्षं आपण तो तास घेतला. मग एका सकाळी मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुसत होते. शिपाईमामा आले. म्हणाले, “बाई, इंग्लिशबाईंच्या कपाटाची किल्ली आता तुमच्याकडेच ठेवायची ना?”

“का? तिला काय झालं?”

मामांचा चेहरा पडला. कळलं त्यांना, की मला माहीत नाही. शिक्षकांच्या ट्रेनिंग सेंटरवर तुझी नेमणूक झाली होती, दूरच्या शहरात. अर्ज केला होतास सुट्टीच्या आधी. मुलाखत देऊन आली होतीस, मला सांगितलंस आत्तेबहिणीकडे जातेय. मी त्या आत्तेबहिणीसाठी लोणच्याची बरणीही दिली होती बरोबर!

तुला जिन्यात गाठलं. तू म्हणालीस, “सांगणारच होते.”

“कधी? गाडी सुटल्यावर?”

“तुला आधी सांगितलं असतं तर मी गेलेच नसते.”

मला ते बहाण्यासारखं वाटलं. जायचं तर तोंडावर सांगून जावं. मी निरोपसमारंभाला आले नाही. सगळे खाली हॉलमध्ये टाळ्या वाजवत होते आणि मी वर प्रयोगशाळेत धुतलेल्याच नळ्या पुन्हा धूत होते. तू दारापर्यंत आलीस. मला पावलांवरून कळलं. मी वळले नाही, तू आत आली नाहीस.

तुझ्या जागी आलेले सर सभ्य होते. म्हणाले, “मॅडम, इंग्रजीच्या तासाला इंग्रजी, विज्ञानाच्या तासाला विज्ञान.” जोडतास बंद झाला. मी एकटीनं ओढला जमेल तसा. पण मला सगळं माहीत होतं ना, तीच अडचण. मी सोंग करायला गेले की मुलं हसायची. “बाई, तुम्हाला येतंय.”

तुझी पत्रं आली होती, दोन. मी उत्तर दिलं नाही. आजही दिलं नसतं.

एवढंच. पोरी, हे आईला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

सायन्स


२६ फेब्रुवारी

प्रिय इंग्लिश,

लेकीनं वाचून दाखवलं म्हणे. तू रडली नाहीस, चिडली नाहीस, त्या दिवशी जेवली मात्र नाहीस. व्यायामवाल्या बाई आल्या त्यांनाही परत पाठवलंस. मी ते वाचून दोन दिवस स्वतःवर करवादत होते. हे म्हणाले, “लिहिलंस ते खोटं होतं का?” खोटं नव्हतं. पण पूर्ण होतं का, ते आता मला माहीत नाही. कारण मधे एक गोष्ट घडली.

शाळेतून फोन आला. प्रयोगशाळेची कपाटं आवरायची आहेत, बाटल्यांवरची नावं पुसलीत, तुम्ही येऊन सांगाल का. गेले. जिना आता दोन दमांत चढते. नवी सायन्सबाई आहे, जेमतेम पंचविशीची, ओढणी कमरेला खोचलेली. बाटल्या ओळखून झाल्यावर म्हणाली, “माझा सहावीचा तास आहे, बसता का?” मी मागच्या बाकावर बसले. गुडघे मावेनात, आडवी बसले.

तिच्याबरोबर इंग्रजीचा एक तरुण मास्तरही आत आला. तिनं तोंडातून अक्षर न काढता बर्फाच्या पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. बाहेरून पाणी जमायला लागलं. आणि तो मास्तर डोकं खाजवत मुलांना म्हणाला, “आय डोन्ट नो. टेल मी.”

इंग्लिश, माझ्या हातातली पर्स खाली पडली.

पट्ट्या होत्या. आता छापील, प्लास्टिक चढवलेल्या. ‘बिकॉज’ची तेवढीच लांब. एक मुलगी म्हणत होती, ग्लास गळतो. दुसरा म्हणे, मग आतलं पाणी कमी का नाही झालं? कुणी आपल्या भाषेत, कुणी अर्ध्यामुर्ध्या इंग्रजीत. नुसता कल्ला.

तास संपल्यावर मी तिला विचारलं, “हे कुठे शिकलात तुम्ही?”

“ट्रेनिंगला. आम्हाला एक बाई होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘ही पद्धत माझी नाही. माझ्या मैत्रिणीचा घसा बसला आणि ती आम्हाला सापडली.’ दर बॅचला सांगायच्या, मेणबत्तीपासून सगळं. आमच्या बॅचमधले आम्ही किती तरी जण हेच करतो, कुठे कुठे.” मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही याच शाळेतल्या ना? मग त्या फार हुशार, पण फार चिडक्या सायन्सबाई तुम्हीच का?”

चिडक्या! पंचवीस-तीस नव्या मास्तरांपुढे, दर वर्षी!

“मीच,” म्हटलं. आणखी काय म्हणणार.

घरी चालत आले. वाटेत दोनदा थांबावं लागलं, गुडघ्यांमुळे नाही. मला वाटायचं, तू तो तास मोडून गेलीस. तू तर तो घेऊन गेली होतीस. मी इथे धुतलेल्या नळ्या धूत बसले आणि तू तिथे अनोळखी पोरांना माझ्या घशाची गोष्ट सांगत होतीस.

जेव, बाई. व्यायामवालीला आत घे. एवढंच सांगायचं होतं.

तुझीच,
सायन्स


५ मार्च

प्रिय इंग्लिश,

काल दुपारी फोन वाजला. यांनी उचलला आणि माझ्या हातात दिला. लेक म्हणाली, “मावशी, आईनं स्वतः फोनकडे बोट दाखवलं. तुमचं शेवटचं पत्र हातात घेऊन बसली आहे. देऊ?”

मी ‘दे’ म्हणाले आणि स्टुलावर बसले. आधी नुसता तुझा श्वास ऐकू आला. मी थांबले. वाट बघायला तूच शिकवलंस. भिंतीवरचं घड्याळ, खालच्या रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायला बघतंय, आणि तुझा श्वास.

मग तू म्हणालीस, “जा.”

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“जा. जा!” आणि काहीतरी आपटल्याचा आवाज. लेकीनं घाईनं फोन घेतला. रडवेली झाली होती. “मावशी, मनाला लावून घेऊ नका. ती हल्ली उलटं बोलते. हो म्हणायचं असलं की नाही येतं, गरमला गार म्हणते. तिला तसं म्हणायचं नाहीये. म्हणजे, मला वाटतं, तसं म्हणायचं नाहीये.”

“तिला सांग, मला ऐकू आलं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हे दारात उभे होते. “काय म्हणाली?”

“जा म्हणाली.”

“मग?”

“मग काय. माळ्यावरची बॅग काढा.”

यांनी शिडी लावली. बॅग काढली, पुसली, आणि तिकीट काढायला बाहेर पडले. संध्याकाळी परत आले तर बरोबर माझ्या गुडघ्यांचे पट्टेही नवे आणलेले.

मी येते आहे. राहायला. किती दिवस ते ठरवलेलं नाही. तुला खरोखरच ‘जा’ म्हणायचं असेल, तर तेही बघू. पण ते मला समोर बसवून म्हणायचं, आणि मी ऐकेनच असं नाही. चिडकी आहे, तूच सांगितलंयस सगळ्यांना.

हे पत्र आज टाकते आहे, पण गाडी उद्या सकाळची आहे, त्यामुळे बहुतेक पत्राच्या आधी मीच पोचेन. पोरी, तसं झालं तर हे वाचायची घाई नाही. आधी दार उघड.